रेवदंड्यात न रुजलेलं फूल

रेवदंड्याच्या तटाआड पोर्तुगिजांचं शहर शोधावं लागतं. नारळी-पोफळीच्या वाड्यांनी ते झाकून टाकलं आहे. सातखणी मनोरा तेवढा माडांच्या झावळ्यांतून डोकावतो. बाकी चर्चची एखादी कमान कुणाच्या परसात, चिरेबंदी भिंत कुणाच्या गोठ्यामागे. या वाड्यांच्या कडेनं फुलं असतात ती पांढऱ्या चाफ्याची, झेंडूची, गुलबक्षीची, निशिगंधाची. झेंडूशिवाय आपलं दसऱ्याचं तोरण होत नाही आणि निशिगंधाशिवाय लग्नाचा हार. पण ही चारही फुलं मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर ज्या सागरी वाटा उघडल्या, त्या वाटांनी युरोपीय गलबतांतून ती आशियात आली. मिरची, काजू, अननस, पेरू यांचीही हीच कहाणी. कोकणच्या उन्हाला आणि पावसाला ती सगळी मानवली, आणि दोन-चार पिढ्यांत कोणाला ती परकी वाटेनाशी झाली.

दुसऱ्यांची इतकी फुलं इथवर आणण्यात ज्या पोर्तुगिजांचा हात होता, त्यांचं स्वतःचं फूल मात्र या किनाऱ्यावर रुजलं नाही. ते फूल म्हणजे कार्नेशन. आज ते आपल्याला हॉटेलांच्या फुलदाण्यांत आणि रिसेप्शनच्या स्टेजवर दिसतं, आणि आपण त्याला पुण्या-मुंबईचं आधुनिक फूल समजतो. त्याची आणि या किनाऱ्याची गाठ मात्र पाचशे वर्षांपूर्वीच पडायला हवी होती. ती का पडली नाही, आणि अखेर कोणत्या आडवाटेनं पडली, हे सांगायचं तर चौलच्या खाडीपासून सुरुवात करून लिस्बनच्या एका चौकापर्यंत जावं लागेल.

आधी फुलाबद्दल थोडं. लिनियसनं १७५३ साली त्याला डायँथस कॅरियोफायलस असं शास्त्रीय नाव दिलं. भूमध्य समुद्राच्या काठचं, चुनखडीच्या कोरड्या उतारांवरचं हे झाड. पानं बारीक, लांबट, राखी झाक असलेली हिरवी. दांड्याला बोरूसारखी पेरं. मूळच्या रानफुलाला पाकळ्या पाचच, फिकट गुलाबी आणि कडेला कातरलेल्या. माणसानं शेकडो वर्षं निवडून निवडून त्या पाचांच्या पन्नास केल्या आणि त्या चुणीदार घेराचं आजचं भरगच्च फूल झालं. जुन्या जातींच्या फुलांना लवंगेसारखा वास यायचा. हा भास नव्हे. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो, तेच द्रव्य या फुलातही असतं. लवंग महाग होती तेव्हा इंग्लंडात मद्याला वास लावायला या फुलाच्या पाकळ्या टाकत. ज्या मसाल्यांच्या शोधात पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात उतरले, त्यांतल्या एकाचा वास त्यांच्या स्वतःच्या खिडकीतल्या कुंडीतून येत होता. इतिहासाला असले विनोद आवडतात.

ख्रिस्ती चित्रकलेत हे फूल मारियेच्या हातात असतं. लिओनार्दोनं पंधराव्या शतकातच तिच्या हातात ते दिलं होतं. पुढे राफाएलनं १५०६-०७ च्या सुमारास काढलेल्या छोट्याशा चित्रात आई आणि मूल याच कुळातल्या गुलाबी फुलांशी खेळत आहेत. ते चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मारियेचे अश्रू जिथे पडले तिथे ही फुलं उगवली, अशी दंतकथा आहे. पण हे फूल फक्त ख्रिस्त्यांचं होतं असंही नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तुर्कस्तानात इझ्निकच्या कारागिरांनी मशिदींच्या आणि राजवाड्यांच्या फरशांवर ट्युलिपच्या शेजारी हेच फूल पंख्यासारखं पसरून रंगवलं. म्हणजे भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर, एकमेकांशी लढणाऱ्या दोन्ही बाजूंना ते लाडकं होतं.

राफाएलच्या चित्राचा रंग वाळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा, मार्च १५०८ मध्ये, त्या समुद्राचं भांडण आपल्या दारात येऊन पोचलं. इजिप्तच्या मामलुक सुलतानानं अमीर हुसेनच्या हाताखाली एक आरमार पाठवलं होतं. दीवचा सुभेदार मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरणाबांड मुलगा लोरेन्सो तेव्हा काही जहाजं घेऊन चौलच्या बंदरात होता. चौल निजामशहाचं. कुंडलिकेच्या मुखाशी झालेल्या लढाईत सुरुवातीला पोर्तुगिजांची सरशी होती. मग मलिक अयाझची, म्हणजे गुजरातची गलबतं आली आणि पारडं फिरलं. बाहेर निसटताना लोरेन्सोचं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खांबांत अडकलं. त्यात पाणी भरू लागलं. तोफेच्या गोळ्यानं लोरेन्सोची मांडी उडाली, तरी आपल्याला डोलकाठीशी बांधा म्हणाला आणि तसाच हुकूम सोडत राहिला, असं पोर्तुगीज बखरकार सांगतात. पराभवात शौर्याचा रंग जरा जास्तच गडद लागतो, हे धरूनही तो तिथे मेला एवढं खरं. हिंदी महासागरातला पोर्तुगिजांचा हा पहिला मोठा आरमारी पराभव. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये बापानं दीवला सूड उगवला आणि त्या एका लढाईनं या समुद्रावर पोर्तुगिजांचा शंभर वर्षांचा अंमल बसवला. चौलच्या कोळ्यांच्या खांबांची नोंद मात्र फारशी कोणी घेतली नाही. मला ते या लढाईतलं सगळ्यात अस्सल शस्त्र वाटतं.

पुढचं भरभर सांगता येईल. १५१६ साली पोर्तुगिजांनी चौलला वखार घातली, १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीनं किल्ल्याचं काम काढलं. तेच आजचं रेवदंडा. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहानं त्याला वेढा घातला. तो १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि फसला. खाडीच्या पलीकडच्या डोंगरावर निजामशाहीनं कोर्लईचा किल्ला बांधायला घेतला, तो १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी हल्ला करून जिंकला. मग जवळजवळ दीडशे वर्षं खाडीचे दोन्ही काठ त्यांचेच होते. रेशीम, घोडे, सुती कापड यांचा व्यापार, दहा-बारा चर्च आणि मठ, गव्हर्नराचा वाडा, सगळं होतं.

या दीडशे वर्षांत कार्नेशन इथे का लागलं नसेल? रोपं आणि बी कोणी आणलंच नसेल असं वाटत नाही. मठांच्या बागा हा पोर्तुगिजांचा आवडता उद्योग होता. उत्तर हवेत आहे. या झाडाला रात्र थंड लागते, दहा ते तेरा अंशांच्या आसपास. दिवसा वीस-बावीस अंश पुरे. हवा कोरडी आणि खेळती, मुळाशी पाणी न साचणारं. अलिबाग-रेवदंड्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा अंगाला घाम सुटतो, आणि चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या हवेत कार्नेशनचं खोड आधी लांबतं, मग लोळतं, आणि पहिल्या पावसात बुंध्याशी मर लागून पिवळं पडतं. फूल आलंच तर पाकळ्यांना धरून ठेवणारा हिरवा पेला उभा चिरतो आणि पाकळ्या एका बाजूनं बाहेर लोंबतात. मेक्सिकोच्या झेंडूला या हवेत घरच्यासारखं वाटलं, लिस्बनच्या फुलाला नाही. साम्राज्यांना माणसं हलवता येतात, देव हलवता येतात, भाषाही नेता येते. रात्रीचं तापमान नेता येत नाही.

भाषा मात्र खरोखरच राहिली. वसई मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, आणि १७४० मध्ये मुंबईकर इंग्रजांच्या मध्यस्थीनं झालेल्या तहानं रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अंमलदार आणि ज्यांना परवडलं ते गोव्याकडे गेले. ज्यांना परवडलं नाही ते राहिले. कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याला असलेल्या ख्रिस्ती वस्तीत आजही हजाराच्या आसपास माणसं घरात एक वेगळीच भाषा बोलतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्याची बांधणी बरीचशी मराठी. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम करून १९९६ साली पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे जगातल्या विद्वानांना कोर्लई नकाशावर शोधावं लागलं. राज्यकर्ते जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली. शाळा मराठीतून, बाजार मराठीतून, आणि तरी ही भाषा घराच्या उंबऱ्याच्या आत टिकली. गावातलं चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं आहे. हे नाव लक्षात ठेवा, लिस्बनला पुन्हा लागेल.

पोर्तुगालमध्ये जून महिन्यात संत अंतोनियोचा सण येतो. बारा जूनच्या रात्री लिस्बनच्या जुन्या आळ्यांतून भाजलेल्या सार्डिनचा धूर निघतो आणि तरुण मुलं आपल्या आवडत्या मुलीला एक छोटी कुंडी देतात. कुंडीत तुळशीच्याच जातकुळीतलं, बारीक पानांचं गोल झुडूप असतं. त्यात खोचलेली असते चार ओळींची चिठ्ठी आणि एक कागदी कार्नेशन. त्या झुडपाला नाक लावून वास घ्यायचा नाही, हात फिरवून हाताचा वास घ्यायचा, असा संकेत आहे. आपल्याकडे तुळशीचं लग्न देवाशी लागतं, तिकडे तिच्या बहिणीच्या साक्षीनं माणसांची जुळतात. कार्नेशन हे तिथे मुळात असं घरगुती, गल्लीबोळातलं, गरिबांच्या खिडकीतलं फूल आहे. त्याचं राजकारण झालं ते फार उशिरा आणि अगदी अपघातानं.

त्या अपघाताची बीजं मात्र इकडे, आपल्या बाजूला पडली होती.

चौल-वसई गेल्यावर पोर्तुगिजांकडे गोवा, दमण, दीव उरले होते आणि पुढे दादरा-नगर हवेली त्यांना मिळाली. इंग्रज गेले तरी हे गेले नाहीत. लिस्बनला आंतोनियो साल्झारची हुकूमशाही होती आणि ही वसाहत नसून पोर्तुगालचाच समुद्रापलीकडचा प्रांत आहे, असं त्याचं म्हणणं होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला, वीसहून अधिक माणसं मेली. त्यांत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, पनवेलचे हिरवे गुरुजी होते. त्याच वर्षी पकडले गेलेले मोहन रानडे पुढे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात नेले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. सुधीर फडक्यांसारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी रान उठवलं. अखेर जानेवारी १९६९ मध्ये, तेराहून अधिक वर्षांनी, ते बाहेर आले.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. साल्झारनं गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्व्हाला आदेश धाडला होता, त्याचा मथितार्थ असा: शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी व्हावेत नाही तर मरावेत. वासालू ई सिल्व्हाकडे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, जुनाट शस्त्रं, लढाऊ विमान एकही नाही. त्यानं हिशेब केला आणि १९ तारखेच्या संध्याकाळी शरणागती पत्करली. हजारो माणसं वाचली. युद्धकैदी काही महिन्यांनी, मे १९६२ मध्ये पोर्तुगालला परतले तेव्हा त्यांच्या स्वागताला बंदूकधारी लष्करी पोलीस होते. १९६३ मध्ये वासालू ई सिल्व्हा आणि आणखी काही अधिकारी सैन्यातून बडतर्फ झाले. ज्यांनी मरायचं नाकारलं त्यांना देशद्रोही ठरवण्यात आलं.

पोर्तुगीज सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हे पाहिलं आणि मनात ठेवलं. १९६१ मध्ये अंगोलात, १९६३ मध्ये गिनीत, १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये स्वातंत्र्ययुद्धं पेटली. प्रत्येक कॅप्टनला आफ्रिकेत एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. गिनीमध्ये १९७३ पर्यंत युद्ध हरल्यात जमा होतं, आणि अधिकाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा: गोवा. म्हणजे सरकार तह करणार नाही, आणि हरलो की दोष आपल्या माथी मारून मोकळं होईल. साल्झार १९६८ मध्ये खुर्चीवरून पडून आजारी झाला आणि १९७० मध्ये वारला, पण त्याच्या जागी आलेल्या मार्सेलो काएतानोला युद्ध सोडवेना. जुलै १९७३ मध्ये सरकारनं बढतीचा एक हुकूम काढला. त्यानं कायम सेवेतल्या कॅप्टनांची ज्येष्ठता मारली जात होती. राज्यक्रांत्या अनेकदा अशा पगार-बढतीच्या कागदावरून पेट घेतात, हे आपले इतिहासकार फारसं सांगत नाहीत. कॅप्टन एकत्र जमू लागले ते बढतीसाठी, आणि काही महिन्यांत बोलू लागले ते राजवट उलथण्याबद्दल.

२४ एप्रिल १९७४ च्या रात्री रेडिओवर ठरलेलं एक गाणं लागलं. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी दुसरं, ज्याच्या बऱ्याच गाण्यांवर बंदी होती त्या झुझे आफोन्सूचं. हीच खूण. सांतारेंच्या घोडदळ शाळेतून कॅप्टन साल्गैरू माया चिलखती गाड्या घेऊन निघाला आणि पहाटे लिस्बनच्या नदीकाठच्या मोठ्या चौकात येऊन उभा राहिला. लोकांनी घरातच थांबावं, अशा सूचना रेडिओवरून पुन्हा पुन्हा दिल्या जात होत्या. लोक अर्थातच रस्त्यावर आले.

आता कार्नेशन. सेलेश्त काएरू नावाची चाळिशीची एक बाई ब्राम्कांप रस्त्यावरच्या एका उपाहारगृहात कामाला होती. त्या दिवशी उपाहारगृहाला एक वर्ष पुरं होत होतं. मालकानं गिऱ्हाइकांसाठी बेत केला होता: पुरुषांना पोर्ट वाइनचा पेला, बायकांना एकेक फूल. एप्रिल हा कार्नेशनचा हंगाम, फुलं स्वस्त आणि ढिगानं, म्हणून लाल-पांढरी कार्नेशन आणून ठेवली होती. सकाळी कामगार आले तर दार बंद. शहरात काहीतरी चाललंय, आज उघडायचं नाही, म्हणाला मालक. फुलं सुकून जातील, घरी घेऊन जा. सेलेश्त हातात जुडगा घेऊन निघाली आणि रोसियू चौकात रणगाडे पाहून थांबली. कुठे चाललात, तिनं एका सैनिकाला विचारलं. कार्मूला, काएतानोला धरायला, तो म्हणाला, आणि त्यानं सिगरेट मागितली. ती सिगरेट ओढत नव्हती. दुकानं बंद, काही विकत आणून द्यावं तर तेही नाही. तिनं एक कार्नेशन काढून दिलं. त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोचलं. मग दुसऱ्या सैनिकानं मागितलं, तिसऱ्यानं. तिच्या हातातली संपली तेव्हा रस्त्यावरच्या फूलवाल्यांनी आपल्या टोपल्या रित्या करायला सुरुवात केली.

मालकानं त्या दिवशी दुसरं कुठलं फूल आणलं असतं तर या ‘कार्नेशन क्रांती’चं नाव वेगळं झालं असतं. फुलांच्या अर्थांची कोष्टकं छापतात, लाल म्हणजे प्रेम, पांढरं म्हणजे शुद्धता, पिवळं म्हणजे नकार, ती सगळी दुकानदारांच्या सोयीची असतात. अमेरिकेत मातृदिन सुरू करणाऱ्या ॲना जार्विसनं १९०८ मध्ये आईच्या स्मरणार्थ ग्राफ्टनच्या चर्चला पाचशे पांढरी कार्नेशन पाठवली, कारण ती तिच्या आईला आवडायची. काही वर्षांत फूलवाल्यांनी त्याचा असा धंदा केला की ती उरलेलं आयुष्य त्यांच्याशी भांडत राहिली. लिस्बनमध्ये निदान सुरुवातीला कोणाला काही विकायचं नव्हतं.

काएतानो ज्या इमारतीत लपला होता ती राष्ट्रीय रक्षक दलाची, कार्मूच्या चौकातली. १७५५ च्या भूकंपात छप्पर कोसळलेलं कार्मेलाइटांचं जुनं चर्च तिच्या शेजारी आहे. कोर्लईच्या चर्चची जी माता, तीच ही. संध्याकाळी तिथे काएतानोनं जनरल स्पिनोलाच्या हाती सत्ता दिली. क्रांती रक्तहीन झाली म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. त्याच दिवशी राजकीय पोलिसांनी आपल्या कचेरीच्या खिडक्यांतून जमावावर गोळ्या झाडल्या आणि चार जण मेले. काशियासच्या तुरुंगाची दारं २६ च्या रात्री उघडली. मोहन रानडे तिथून सुटून पाच वर्षं झाली होती.

बडतर्फ झालेल्या वासालू ई सिल्व्हाला नव्या राजवटीनं हुद्दा परत दिला. आणि वर्ष संपायच्या आत एक काम झालं ज्याची आपल्याकडे फार चर्चा होत नाही. गोवा मुक्त होऊन तेरा वर्षं झाली तरी पोर्तुगालनं ते मान्य केलं नव्हतं. लिस्बनच्या लेखी गोवा हा शत्रूनं बळकावलेला पोर्तुगीज प्रदेशच होता. क्रांतीनंतर परदेशातून परतलेले समाजवादी पुढारी मारियू सुवारिश परराष्ट्रमंत्री झाले आणि डिसेंबरात दिल्लीला आले. ३१ डिसेंबर १९७४ ला करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या ज्या तारखांना भारतात आले, त्या तारखांपासून भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं मान्य केलं. भारताच्या बाजूनं सही होती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. गोव्यात फौजा शिरल्या तेव्हा तेच महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. चौलच्या खाडीत लोरेन्सो मेला तिथपासून मोजलं तर चारशे सहासष्ट वर्षांचं प्रकरण एका कऱ्हाडकराच्या सहीनं मिटलं.

एवढं होईपर्यंत कार्नेशन कोकणात आलं नव्हतंच. ते आलं १९९१ नंतर, आणि समुद्राकडून नव्हे, घाटावरून. आर्थिक धोरण बदललं, निर्यातीसाठी फुलं पिकवायची टूम निघाली, हॉलंड आणि इस्राएलचं तंत्र आलं, आणि पुणे जिल्ह्यात, विशेषतः मावळात, प्लास्टिकची पांढरी घरं उभी राहू लागली. तळेगाव दाभाड्याला एमआयडीसीनं फुलांसाठी वेगळं क्षेत्रच आखलं. पहिल्या पिढीतल्या अनेक कंपन्या विमानभाडं आणि कर्जाच्या हप्त्यांत बुडाल्या. शेतकरी मात्र ते तंत्र शिकून राहिले, दहा-वीस गुंठ्यांच्या पॉलिहाऊसवर.

मावळात रात्र कोकणापेक्षा थंड असते, पण या पिकाचे नखरे तिथेही कमी नाहीत. लाल माती बाहेरून आणून तिच्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळून उंच बेड करायचे, ते निर्जंतुक करायचे, कारण मर रोगाची बुरशी एकदा मातीत बसली की वर्षानुवर्षं जात नाही. मग मुळं फुटलेली रोपं उथळ लावायची. अर्धा इंच खोल गेली तरी सडतात. पाच-सहा पेरं झाली की शेंडा खुडायचा. दांडे सरळ उभे राहावेत म्हणून जाळ्यांचे थर एकावर एक ताणायचे. एका दांड्याला एकच मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या साऱ्या कळ्या बोटांनी काढायच्या, आणि झुपका हवा असेल तर उलट, मधली कळी काढायची. हे काम बायकांचं, आणि ते रोज. पेला चिरू नये म्हणून कळीला रबरबँड घालतात. लाल कोळी आणि फुलकिडे यांच्याशी सततचा सामना. लावल्यापासून चार-पाच महिन्यांनी फुलं सुरू होतात आणि पीक दोन वर्षांच्या आसपास चालतं. पाकळ्या पेल्याबाहेर ब्रशासारख्या उभ्या आल्या की कापायचं. वीस दांड्यांची जुडी बांधून बादलीत, बादली शीतखोलीत. या खोलीत आंबे किंवा केळी ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटून झोपतात आणि पुन्हा उघडत नाहीत. कोकणातल्या मे महिन्याशी या फुलाचं जमलं नाही याला हेही एक कारण धरायला हरकत नाही.

मावळातल्या कार्नेशनला आता लवंगेचा वास जवळजवळ येतच नाही. फुलदाणीत दोन आठवडे टिकावं, दांडा लांब असावा, रंग पक्का असावा, यासाठी निवड होत गेली आणि वास मागे पडला. अमेरिकेत विल्यम सिम या स्कॉटिश माणसानं १९३८-३९ च्या सुमारास काढलेल्या लाल जातीनं हा रस्ता पक्का केला. नंतर कित्येक दशकं जगातली बाजारातली कार्नेशन बव्हंशी त्या एका जातीची आणि तिच्यातून निघालेल्या रंगांची होती. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीननं पेट्युनियाची जनुकं घालून जांभळट कार्नेशन काढलं. निळं तरीही झालेलं नाही.

सेलेश्त काएरू नोव्हेंबर २०२४ मध्ये वारली, क्रांतीला पन्नास वर्षं पुरी झाली त्याच वर्षी. तिथे पंचवीस एप्रिलला आजही लोक कोटाला लाल कार्नेशन लावून फिरतात. आपल्याकडे अलिबाग, नागाव, काशीदच्या रिसॉर्टांतल्या लग्नांत ते स्टेजच्या कमानीला फोममध्ये खोचलेलं असतं. देवाला ते वाहत नाहीत. हारात ओवायला दांडा जाड आणि देठाचा पेला लांब, म्हणून हारवालेही त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. दादरच्या फूलबाजारातून माल उचलणाऱ्या सजावटवाल्याला पूर्वी पनवेल-पेणचा वळसा घालून अलिबागला यावं लागे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून गाडी बोटीत चढवता येते. म्हणजे मावळातून घाट उतरलेलं कार्नेशन या किनाऱ्याला शेवटी लागतं ते समुद्रमार्गेच, तासाभरात, आणि पोर्तुगिजांना न विचारता.